पेट्रोलची नळी

आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, हे मी पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा आईला वाटलं मी थट्टा करतोय. "कसलं मीठ?" "आपलं खायचंच गं, फक्त जाडं." "किती?" "ट्रक भरभरून." मग पाच सेकंद शांतता. ज्या घरात सांडलेलं मीठ पायाखाली येऊ नये म्हणून लगेच टिपून घेतात, त्या घराला हे पचायला वेळ लागणारच.

मिशिगनमध्ये बर्फ पडला की रातोरात ट्रक फिरतात आणि मीठ पसरून जातात. खारं पाणी शून्याच्या बरंच खाली गेल्याशिवाय गोठत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. गंमत म्हणजे हे मीठ लांबून आणावं लागतं असंही नाही. डेट्रॉइट शहराच्या पोटातच, अकराशे फुटांहून खोल, मिठाची मोठी खाण आहे. वर शंभर वर्षं मोटारी बनवणारं शहर आणि खाली त्याच मोटारी खाणारं मीठ! त्यामुळे आमच्या भागात गाडी म्हातारी होऊन मरत नाही, गंजून मरते. इंजिन ठणठणीत असतं, गिअर लोण्यासारखे पडत असतात, आणि खालून वाकून पाहिलं तर ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्यांना हात लावायची भीती वाटावी अशी अवस्था.

आणि मिशिगनमध्ये गाड्यांची ठरावीक मुदतीने तपासणी होत नाही. आपल्याकडे पंधरा वर्षं झाली की आरटीओची पायरी चढावी लागते. इथे विमा भरला, नंबरप्लेटवर नवा स्टिकर डकवला की झालं. खालची नळी कुजली आहे का, हे विचारायला कोणीही येत नाही. ते तुमचं तुम्ही पाहायचं.

माझ्याकडे १९९१ सालची व्होल्वो २४० आहे. हे मॉडेल १९७४ ते १९९३ या काळात बनलं आणि २८ लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या. दिसायला अगदीच चौकोनी. बायकोच्या शब्दांत सांगायचं तर "पत्र्याच्या ट्रंकेला चाकं लावल्यासारखी". २.३ लिटरचं ओतीव लोखंडाचं इंजिन, ११४ अश्वशक्ती, आणि बॉशचं एलएच-जेट्रॉनिक नावाचं इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन. ती का घेतली याची कारणं मी वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी सांगतो. खरं कारण हे की बॉनेट उघडल्यावर इंजिनाच्या आजूबाजूला हात घालायला जागा दिसते. दिवसभर लॅबमध्ये संगणकावर धातूंचा थकवा मोजणाऱ्या माणसाला संध्याकाळी हातात पाना धरावासा वाटतो, त्याला मी तरी काय करणार?

गेल्या ऑक्टोबरात बायको एकदा म्हणाली, "अरे, तुझ्या ट्रंकेत मागच्या सीटवर पेट्रोलचा वास येतो." ती एका औषध कंपनीत गुणवत्ता विभागात काम करते. तिच्या नाकावर आणि नोंदवहीवर शंका घ्यायची नसते. शिवाय दर शनिवारी आमच्या सहा वर्षांच्या मुलीला ती याच गाडीतून पोहायला नेते, कारण त्या वेळी दुसरी गाडी माझ्याकडे असते.

जवळच्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. त्यांनी ती लिफ्टवर चढवली, दोन मिनिटं टॉर्च मारला आणि सांगितलं, नळ्या गेल्यात, टाकी उतरवावी लागेल, चौदाशे डॉलर. वर अत्यंत सहानुभूतीने असंही सांगितलं की गाडीचीच किंमत तेवढी नसेल, तेव्हा विचार करा. भारतात असताना माझी समजूत होती की अमेरिकन माणसं घरच्या घरी गाडी दुरुस्त करतात ती हौसेने. हौस असतेच, पण तिच्या मुळाशी मजुरीचा दर असतो. तासाला दीडशे डॉलर द्यायचे म्हटलं की कुठल्याही माणसाला यंत्रांबद्दल अचानक प्रेम वाटू लागतं.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "पेट्रोलच्या नळ्या तू बदलणार? तिकडे मेकॅनिक नाहीत का?" त्यांच्या आठवणीतली पेट्रोलची नळी म्हणजे आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीची. ती कुठेही तुटली तर कुठल्याही गावात, कुठल्याही सायकलच्या दुकानातसुद्धा, काहीतरी रबर मिळायचं आणि तारेने आवळून माणूस घरी पोचायचा. मग आता एवढा बाऊ कशाला?

बाऊ याच्यासाठी की मधल्या काळात नळीचं कामच बदललं.

कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनावर बसवलेला असतो आणि तो टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत वातावरणापेक्षाही कमी दाब, आणि पंपाच्या पुढे फार तर पाव-अर्धा बार. (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब.) अशा नळीला भोक पडलं तर थेंब थेंब गळतं, किंवा उलट नळी हवा ओढते. आणि दाब कमी म्हणून पेट्रोल लवकर उकळतं. मे महिन्यात खंबाटकीच्या घाटात गाडी बंद पडायची, बाबा बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचे आणि आम्ही मुलं रस्त्याकडेला करवंदं खात बसायचो, ते यामुळेच. गरम पंपात पेट्रोलची वाफ झाली की पंप नुसताच वाफ दाबत बसतो. फडक्याने पंप थंड झाला की वाफेचं परत पेट्रोल. त्यात कुठलीही जादू नव्हती, पण बाबांचा रुबाब वाढायचा.

इंजेक्शनच्या गाडीत हे सगळं उलटं. पंप मागे, टाकीपाशी. तो ओढत नाही, ढकलतो. माझ्या गाडीत टाकीच्या आत एक छोटा पंप आहे आणि गाडीच्या खाली दुसरा मोठा. तो पेट्रोल पुढे इंजिनापर्यंत तीन बार दाबाने पोचवतो. टायरमध्ये आपण सव्वादोन बार हवा भरतो, त्याच्यापेक्षा जास्त. इंजिनाला लागतं त्याच्या कितीतरी पट पेट्रोल पंप पाठवतो. इंजेक्टर हवं तेवढं घेतात आणि उरलेलं दुसऱ्या नळीने परत टाकीत. म्हणजे नळ्या दोन, जाणारी आणि येणारी, आणि पेट्रोल सतत फिरतं असल्यामुळे त्याला एका जागी तापायला वेळच मिळत नाही. इंजिनाच्या तोंडाशी एक रेग्युलेटर असतो. इंजेक्टरच्या दोन्ही टोकांमधला दाबाचा फरक कायम तीन बार ठेवणं हे त्याचं काम. हे झालं म्हणून संगणकाला फक्त इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा एवढंच ठरवावं लागतं. दाब ढळला की सगळा हिशोब ढळतो. थोडक्यात, कार्बोरेटरच्या गाडीत नळी ही फक्त वाट होती, इथे ती मोजमापाचा भाग आहे.

आता तीन बारच्या नळीला एक मिलिमीटरचं भोक पडलं तर काय होईल? मी हिशोब करून पाहिला (सवय!): मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल, तेही थेंब होऊन नाही, तर फवारा होऊन. इंजिन चालू आहे तोवर पंप इमानेइतबारे हा फवारा चालू ठेवणार. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, त्यामुळे मिशिगनची थंडीही कामाची नाही. व्होल्वोवाल्यांनी इंजेक्टर इंजिनाच्या एका बाजूला आणि तापलेला एग्झॉस्ट दुसऱ्या बाजूला ठेवला आहे. बरंच आहे, पण त्याच्या भरवशावर मुलीला मागच्या सीटवर बसवता येत नाही.

मी गाडी स्टँडवर चढवून खाली सरपटलो आणि वासाचं कारण दिसलं. आधीच्या कुठल्यातरी मालकाने नळी "कस्टमाइज" केली होती! मागच्या अ‍ॅक्सलच्या थोडं पुढे, जिथे मीठ-पाणी सर्वांत जास्त उडतं, तिथला पोलादी नळीचा हातभर कुजलेला तुकडा कापून काढला होता आणि त्या जागी रबरी होज बसवून दोन्हीकडे नेहमीच्या स्क्रूच्या क्लॅम्पने आवळला होता. बाहेरून पाहिलं तर काम नीटनेटकं. होजवर भिंग लावून छापील अक्षरं वाचली: एसएई जे३० आर७.

या अक्षरांसाठीच खरं तर हा लेख लिहितोय. पेट्रोलच्या रबरी होजवर अशी अक्षरं छापलेली असतात आणि पैसे देताना बहुतेकजण ती वाचत नाहीत. आर७ म्हणजे कार्बोरेटरच्या काळातला होज, ५० पीएसआयपर्यंतचा. ५० पीएसआय म्हणजे साडेतीन बारच्या आत-बाहेर. माझ्या गाडीचा दाब तीन. म्हणजे कागदावर बसतंय की! ज्याने तो बसवला त्यानेही हाच विचार केला असेल, आणि गाडी तशी चालतही होती. पण परतीची नळी कुठे चेमटली किंवा रेग्युलेटर अडकला, तर तोच पंप तीनच्या दुप्पट दाब सहज देतो. आणि आर७चं आतलं रबर आजच्या पेट्रोलसाठी नाही. इंजेक्शनचा होज म्हणजे आर९. तो १०० पीएसआयचा, आणि त्याच्या आतला थर फ्लुओरोइलॅस्टोमर नावाच्या महागड्या रबराचा असतो. त्याला गरम पेट्रोल आणि इथेनॉल दोन्ही सोसतात. दुकानात दोन्ही शेजारी टांगलेले असतात, दोन्ही काळे, दोन्ही एकाच मापाचे. किमतीत मात्र चांगलाच फरक.

क्लॅम्पचंही तसंच. स्क्रूने आवळायच्या नेहमीच्या क्लॅम्पच्या पट्टीला खाचा असतात. आवळत नेलं की रबर त्या खाचांतून वर येतं आणि कापलं जातं. इंजेक्शनच्या क्लॅम्पची पट्टी आतून सपाट असते, कडा बाहेर वळवलेल्या, आणि नट-बोल्टने सगळीकडून सारखा दाब येतो. दीड-दोन डॉलरची वस्तू. इथला आधीचा क्लॅम्प मी सोडवला तेव्हा रबरावर पट्टीच्या खाचांचा ठसा उमटला होता, आणि ओलावा बरोब्बर त्याच ठशात होता.

तर आता काय बसवायचं? मूळच्या, आकार देऊन तयार केलेल्या नळ्या मला कुठे मिळाल्या नाहीत. इंटरनेटवर गेलात तर एकच उत्तर मिळतं: स्टीलच्या जाळीचा चकचकीत होज आणि निळे-लाल ए-एन फिटिंग. ए-एन म्हणजे आर्मी-नेव्ही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन लष्कर आणि नौदलाच्या विमानांसाठी ठरवलेलं हे माप. इंचाच्या सोळाव्या भागात मोजतात, म्हणजे ६ नंबर म्हणजे ६/१६ इंचाची नळी. सुरेख वस्तू आहे, यात वाद नाही. रेसच्या गाडीत दर आठवड्याला इंजिन उतरवायचं तर हेच हवं. पण माझ्या रोजच्या गाडीला?

पहिली गोष्ट, ए-एनच्या नळीचं तोंड ३७ अंशांत पसरवलेलं असतं आणि साध्या मोटारीच्या नळीचं ४५ अंशांत. डोळ्यांना फरक कळत नाही. एकमेकांत घालून आवळलं तर बसल्यासारखं वाटतं आणि मग झिरपत राहतं. दुसरी, माझी गाडी स्वीडिश, तिचे आटे मेट्रिक. म्हणजे प्रत्येक टोकाला एक अडॅप्टर, आणि अडॅप्टर म्हणजे गळायला आणखी एक जागा. तिसरी, त्या देखण्या जाळीच्या आत बऱ्याचदा साधंच रबर असतं. त्यातून गळती नाही झाली तरी काही वर्षांनी वाफ झिरपून गॅरेजभर वास सुटतो. आत टेफ्लॉन असलेला होज घेतला तर वास नाही, पण मग तो कार्बन मिसळलेला, वीज वाहून नेणारा घ्यावा लागतो. नुसत्या टेफ्लॉनमधून पेट्रोल वेगाने वाहिलं की स्थिर वीज साठते, ठिणगी आतल्या आत उडते आणि होजला सुईएवढी भोकं पाडते. आणि चौथी, स्टीलची जाळी म्हणजे कानस. थरथरत्या गाडीत ती वायरीला टेकली की वायर खाते.

होज जाडही करून घे, म्हणजे पॉवर वाढेल, असा एक सल्ला हमखास मिळतो. हा हिशोबही करून टाकू. पूर्ण जोर लावला तरी ११४ अश्वशक्तीच्या इंजिनाला तासाला साधारण ३५ लिटर पेट्रोल लागतं. परतीचं धरून नळीतून तासाला १२० लिटर वाहतंय असं मानलं, तरी बाहेरून ८ मिलिमीटरच्या नळीत पेट्रोलचा वेग सेकंदाला सव्वा मीटरच्या आत राहतो, म्हणजे माणसाची चाल. चार मीटर लांबीत दाब किती पडतो? ०.१ बारच्या आसपास. तोही रेग्युलेटरच्या आधी, म्हणजे इंजेक्टरला त्याचा पत्ताच लागत नाही. स्वीडनमधल्या ज्या कोणी ८ मिलिमीटर ठरवले त्याने पुरेसा विचार केला होता. जाड होजने फक्त गाडीतलं पेट्रोलचं वजन वाढलं असतं.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. मोटारींच्या कारखान्यात चाळीस वर्षं टूलमेकर होते. मी खाली पाय बाहेर काढून पडलेला दिसलो की ते हमखास येतात, आपली घडीची खुर्ची घेऊन. मी त्यांना तिन्ही-चारी पर्याय सविस्तर समजावून सांगितले (पीएचडी झालेल्या माणसाला थोडक्यात बोलता येत नाही). ते म्हणाले, "जे हलतं तिथे होज. जे हलत नाही तिथे नळी. बाकी सगळी सजावट."

मी थकव्यावर संशोधन करतो आणि हे माझ्याच विषयातलं वाक्य आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, सुरू करताना चांगलं बोटभर डुलतं. बॉडी जागची हलत नाही. मध्ये धातूची नळी टाकली तर ती रोज हजारो वेळा वाकेल आणि एक दिवस तडकेल. तिथे होजच हवा. टाकीपाशी आणि पंपापाशीही तेच, कारण पंप रबरावर टांगलेला असतो. पण मधली तीन मीटर नळी बॉडीला चिकटून जाते, तिथे काहीच हलत नाही. तिथे रबर घालायचं म्हणजे दर काही वर्षांनी म्हातारी होणारी वस्तू विनाकारण वाढवायची.

नळीसाठी धातू निवडला तो निकेल आणि तांब्याचा मिश्रधातू: ९० टक्के तांबं, १० टक्के निकेल. जहाजांच्या नळ्यांना वापरतात, कारण समुद्राच्या पाण्यालाही तो दाद देत नाही. व्होल्वोने तर १९७६ पासून ब्रेकच्या नळ्यांना तो वापरला. माझ्याच गाडीच्या ब्रेकच्या नळ्या पस्तीस वर्षं मीठ खाऊन धडधाकट, आणि शेजारची पोलादाची पेट्रोलची नळी कुजलेली! शुद्ध तांबं का नाही? ते थरथरीने लवकर कडक होतं आणि तडकतं.

पंचवीस फुटांची गुंडाळी आणली. कामाचा दिवस ठरवला आणि गाडी ढकलत अंगणात नेली. इथल्या पुष्कळ गॅरेजांत कोपऱ्यात पाणी तापवायचा गॅसचा बंब असतो, आमच्याकडेही आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून पसरत पसरत बंबाच्या ज्योतीपर्यंत सहज जाते. गॅरेज जळाल्याच्या बातम्यांत हा प्रकार नेहमी असतो. मग पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं. पंपात एक झडप असते, ती इंजिन बंद झाल्यावरही नळीत दाब धरून ठेवते, कधी कधी तासन्‌तास. फ्यूज काढून दाब घालवल्याशिवाय नट सैल केला की पेट्रोल सरळ डोळ्यांत. मग बॅटरी सोडवली, अग्निशामक शेजारी ठेवला.

जुन्या नळीचा आकार आधी कपडे वाळत घालायच्या हँगरच्या तारेवर उतरवला आणि त्याबरहुकूम नवी वाकवली. हा धातू हातानेच वाकतो, मोठ्या वळणाला माझा गुडघा पुरला. जिथे होज चढणार त्या टोकाला कडं काढायला मात्र आजोबांचं अवजार लागलं. नळी सरळ कापून नुसती होजमध्ये खुपसली तर दाबाने होज हळूहळू मागे सरकतो. टोकाशी फुगवटा असला की क्लॅम्प त्याच्या मागे बसतो आणि होज अडून राहतो. ब्रेकच्या नळीचं दुहेरी तोंड काढायचं जे अवजार असतं, त्याची पहिली पायरी करून थांबलं की नेमकं असं कडं तयार होतं. ही युक्ती आजोबांची. आधीच्या मालकाच्या कामात हे कडंही नव्हतं.

बॉडीला नळी अडकवताना हात-हातभर अंतरावर रबर लावलेल्या क्लिपा मारल्या. एक तर थरथर मरते. दुसरं म्हणजे तांबं आणि पोलाद थेट टेकले आणि वर खारं पाणी आलं की त्यांची बॅटरी तयार होते, आणि त्या बॅटरीत कुजायची पाळी पोलादाची. नळी शाबूत राहील आणि गाडीचा पत्रा जाईल. दोन टोकांना आर९चे वीतभर तुकडे, सपाट क्लॅम्प, आणि फिल्टरच्या जोडाला नवे तांब्याचे वॉशर. ते वॉशर एकदा चेपले की संपले, परत वापरायचे नसतात.

दोन शनिवार गेले. सामानाला दोनशे डॉलरच्या आत खर्च आला. आजोबांना पुरणपोळी दिली. ती त्यांनी मेपल सिरप घालून खाल्ली, मी काही बोललो नाही.

मधल्या काळात हे सगळं मी बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवत होतो, आणि तिथून एक वेगळंच प्रकरण निघालं. साताऱ्याला त्यांच्याकडे २००७ सालची छोटी गाडी आहे, इंजेक्शनचीच. अमेरिकेत जवळजवळ सगळ्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. भारतात २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल यायला लागलं आणि २०२५ मध्ये वीस टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट गाठल्याचं सरकारने जाहीर केलं. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे रबर आणि धातूचे भाग वीस टक्के धरून बनवलेले असतात. २००७ च्या गाडीचे नसतात. इथेनॉल चांगलं की वाईट, शेतकऱ्याला किती मिळतं, मायलेज किती पडतं, यावर तुम्ही घरोघरी भांडत असालच. मला त्यात आत्ता पडायचं नाही. मी फक्त नळीचं बोलतो. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबरात शिरतं, ते फुगवतं, त्यातली मऊपणा टिकवणारी द्रव्यं बाहेर काढतं. मग रबर कडक होतं आणि वाकलं तिथे चिरा जातात. शिवाय इथेनॉल पाणी धरून ठेवतं.

मी बाबांना म्हटलं, होजवर काय छापलंय ते मेकॅनिकला विचारा. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, एकदम लोखंडासारखा पाइप आहे, काळजीच करू नका." अहो, तीच तर काळजी! रबर लोखंडासारखं झालं म्हणजे संपलं. फोटो मागवला. अक्षरं पुसली गेली होती आणि क्लॅम्पच्या अलीकडे बारीक चिरांचं जाळं होतं. बाबांनी गाडीच्या कंपनीचाच सुटा भाग मागवून आठवड्यात बदलून घेतला. काही शे रुपयांचं काम. तुमच्याकडेही पंधरा-वीस वर्षांची गाडी असेल तर इंजिन थंड असताना बॉनेट उघडा आणि होज बोटांनी दाबून पाहा. मऊ आणि लवचिक असेल तर ठीक. कडक, चिकट किंवा फुगलेला असेल तर बदला, आणि नव्या होजवरची अक्षरं वाचून घ्या.

राहता राहिली आमच्या घरची तपासणी. बायकोने आधीच सांगून ठेवलं होतं, "तू खुशाल बस त्यात. चिऊला बसवायची तर मला आधी दाखवायचं." तिच्या खात्यात जे कागदावर नाही ते झालेलंच नाही असं धरतात. तेव्हा तिच्यासमोर चाचणी. इंजिन बंद ठेवून, रिलेला बगल देऊन नुसता पंप चालवला. गेजचा काटा तीनवर. दहा मिनिटं तसाच ठेवला आणि प्रत्येक जोडाभोवती पांढरा कागदी टॉवेल फिरवला. मग इंजिन सुरू केलं, काटा अडीचवर आला. "कमी झाला की," ती लगेच म्हणाली. इंजिन हळू चालू असताना त्याच्या तोंडाशी अर्ध्या बारची पोकळी असते आणि रेग्युलेटर तेवढा दाब कमी करतो, हे समजावलं. तिने ते लिहून घेतलं. ("अपेक्षित" असा शेरा मारून.) इंजिन बंद करून पाच मिनिटांनी, अर्ध्या तासाने, तासाने काटा पाहिला. सकाळी पुन्हा टॉवेल.

शेवटी तिने विचारलं, "किती वर्षं?"

धातूच्या नळीबद्दल मला सांगता आलं, कारण ते माझं पोटापाण्याचं काम आहे: गाडी असेपर्यंत. होजबद्दल म्हटलं, दर ऑक्टोबरात दाबून पाहायचा, सहा वर्षांनी काही झालेलं नसलं तरी बदलायचा. तिने दोन्ही लिहिलं, खाली तारीख घातली, माझी सही घेतली आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला. माझ्या प्रबंधावरसुद्धा इतक्या बारकाईने कोणी प्रश्न विचारले नव्हते.

आधी दोन आठवडे मी एकट्याने ऑफिसला नेली. मग एका शनिवारी दोघी तिच्यातून पोहायला गेल्या. परत आल्या तेव्हा बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि रस्त्यावर मीठ पडलं होतं. इंजिन गरम असतानाच मी खाली एक मोठा पुठ्ठा सरकवला आणि आत येऊन चहा टाकला. तासाभराने पुठ्ठा ओढून पाहिला. चाकांवरून गळलेल्या खाऱ्या पाण्याचे डाग होते, मधला भाग कोरडा होता.